मैत्री चटकन जमली, गोष्ट एकदम उमगली: हे इंग्रजीत नेमके कसे म्हणावे?

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यातील एका कृषी पदवीधराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकातून इंग्रजी वाक्प्रचारांची एक वही तयार केली आहे. त्या वहीत ‘हिट इट ऑफ’, ‘क्लिक’, ‘गेट ऑन लाइक अ हाउस ऑन फायर’, ‘ऑन द सेम वेव्हलेंग्थ’ या सर्वांपुढे ‘लगेच मैत्री होणे’ असा एकच अर्थ लिहिलेला आहे, आणि ‘द पेनी ड्रॉप्ड’, ‘इट डॉन्ड ऑन मी’, ‘कॉटन ऑन’ या सर्वांपुढे ‘एकदम लक्षात येणे’ असा दुसरा. बियाण्यांच्या व्यवसायातील एका मुलाखतीत त्यांना ‘रावे’च्या दिवसांविषयी, म्हणजे पदवीच्या अखेरच्या वर्षी खेड्यात राहून घेतलेल्या कार्यानुभवाविषयी, विचारण्यात आले. तेव्हा ते म्हणाले, ‘इट क्लिक्ड मी दॅट फार्मर्स आर लाइक हाउस ऑन फायर विथ मी.’ समोरचे दोघे एकमेकांकडे पाहून हसले आणि यांचा धीर सुटला. आता त्यांचे विचारणे असे की, आणखी शे-दोनशे वाक्प्रचार पाठ करावेत, की हा नाद सोडून साधे इंग्रजी बोलावे?

मी तालुक्याच्या ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते आणि संध्याकाळी मुलाखतीची तयारी करणाऱ्यांचा वर्ग घेते. माझ्याकडे येणारी बहुतेक मुले मराठी माध्यमाची, जिल्हा परिषदेच्या शाळांतून आलेली असतात, त्यामुळे अशी वही माझ्या ओळखीची आहे. तुमचे पाठांतर कमी पडले असे मला वाटत नाही. तुम्ही वापरलेल्या दोन्ही वाक्प्रचारांचा अर्थ तुम्हाला बरोबर ठाऊक होता. चुकली ती वाक्याची बांधणी. वहीत वाक्प्रचार सुटा लिहिलेला असतो, त्याच्यासोबत त्याचा कर्ता नसतो, त्याचे शब्दयोगी अव्यय नसते आणि तो कोणाविषयी बोलावा, कोणाविषयी बोलू नये, हेही नसते. अर्थ एकच असलेल्या पाच वाक्प्रचारांत फरक पडतो तो नेमका याच गोष्टींमुळे.

काही बाबी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच मान्य करते. लेखी परीक्षेत चार पर्यायांतून अर्थ निवडायचा असेल तर तुमची वही जशी आहे तशी पुरेशी आहे. मुलाखत शेतावरच्या कामासाठी असेल तर निम्मे संभाषण मराठीत किंवा हिंदीतच होते आणि तेथे वाक्प्रचारांना कोणी गुण देत नाही. मुलाखत घेणारे स्वतः कोणत्या इंग्रजीत वाढले, यावरही बरेच ठरते. ‘इट क्लिक्ड मी’ असे सहज म्हणणारे अधिकारी मी पाहिले आहेत आणि त्यांच्यापुढे तुमची चूक खपूनही गेली असती. मी पुढे सांगते आहे ते बोलताना आणि लिहिताना, परक्या माणसापुढेही, न अडखळता वापरता यावे यासाठी.

प्रथम ‘एकदम समजणे’ या गटाकडे पाहू, कारण तेथे आपली मराठी आपल्याला मदतही करते आणि दगाही देते. मराठीत समज माणसाकडे चालत येते. ‘मला कळले’, ‘मला उमगले’, आपल्या वऱ्हाडीत ‘मले समजलं’. या वाक्यांत ‘मी’ कर्ता नाही. कळलेली गोष्ट पुढे आहे आणि माणूस ‘ला’ किंवा ‘ले’ लावून तिच्यामागे उभा आहे. इंग्रजीतील नेहमीची क्रियापदे याच्या उलट चालतात, म्हणून शाळेत ‘आय अंडरस्टँड’ शिकवताना आम्ही ‘मी’ पुढे आणायला सांगतो. पण अचानक समजण्याचे इंग्रजी वाक्प्रचार मात्र बहुधा मराठीसारखेच बसलेले आहेत. ‘इट स्ट्रक मी’, ‘इट हिट मी’, ‘इट डॉन्ड ऑन मी’, ‘इट अकर्ड टू मी’: सगळीकडे ‘इट’ पुढे आणि ‘मी’ म्हणजे ‘मला’ मागे. येथे आपल्या मुलांना घरच्यासारखे वाटायला हवे.

अडचण ‘मला’ला काय लावायचे येथे येते. मराठीत एकच ‘ला’ सर्वत्र चालतो. इंग्रजीत प्रत्येक क्रियापदाचे वेगळे आहे. ‘स्ट्रक’ आणि ‘हिट’ यांना मध्ये काहीही लागत नाही, कारण हे प्रहाराचे शब्द आहेत आणि प्रहार थेट माणसावर होतो. म्हणून ‘इट स्ट्रक टू मी’ चूक. ‘डॉन’ म्हणजे उजाडणे, आणि उजेड एखाद्यावर पडतो, म्हणून त्याला ‘ऑन’ हवा. ‘इट डॉन्ड मी’ चूक. ‘अकर’ला ‘टू’ हवा. आणि ‘क्लिक’ला काहीच लागत नाही. ‘इट क्लिक्ड’, बस. कोणाला समजले ते सांगायचेच असेल तर ‘इट क्लिक्ड फॉर मी’ म्हणावे. आपण मराठीत ‘मला क्लिक झालं’ म्हणतो आणि मराठीत ते चांगलेच रुळले आहे, पण त्याचीच वळणे घेऊन ‘इट क्लिक्ड मी’ तयार होते, आणि ऐकणाऱ्या भारतीय माणसाच्या डोळ्यांपुढे कॅमेरा येतो. आपल्याकडे फोटो ‘क्लिक’ करतात ना! तुमच्या वाक्यातून त्या दोघांना काय दिसले असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. ते हसले ते बहुधा यालाच. तुमच्या शेतकऱ्यांना किंवा तुमच्या उच्चारांना नव्हे.

दुसरा मुद्दा वेगाचा. वहीत सर्वांपुढे ‘एकदम’ लिहिले असले तरी सगळे सारखे एकदम नाहीत. ‘स्ट्रक’ आणि ‘हिट’ खरोखर क्षणाचे आहेत. ‘डॉन’ मात्र पहाटेसारखा येतो, म्हणून त्याच्यासोबत ‘स्लोली’ किंवा ‘ग्रॅज्युअली’ सहज बसतात, आणि पुष्कळदा त्यातून उमगणारी गोष्ट नकोशी असते: बस चुकली आहे, पैसे परत येणार नाहीत, आपण ज्याला सल्ला देत होतो त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आनंदाच्या शोधासाठी हा वाक्प्रचार तुलनेने कमी ऐकू येतो. त्यासाठी ‘लाइटबल्ब मोमेंट’ आहे, म्हणजे डोक्यात दिवा पेटावा तसे काही एकदम सुचण्याचा किंवा उमगण्याचा क्षण. आपली ‘ट्यूब पेटली’ याच्या जवळची वाटते, तरी दोहोंची गल्लत करू नका. भारतीय इंग्रजीत ‘ट्यूबलाइट’ म्हणजे उशिरा समजणारा माणूस, आणि देशाबाहेरच्या माणसाला ती थट्टा कळणारही नाही.

‘द पेनी ड्रॉप्ड’ याच्याकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण तो सर्वांत आवडता आणि सर्वांत चुकीच्या जागी वापरला जाणारा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये खाचेत एक पेनी टाकल्यावर चालणारी यंत्रे सर्वत्र दिसू लागली. कोणी वजन सांगे, कोणी चॉकलेट देई. नाणे कधी मध्येच अडके, आणि ते खाली पडेपर्यंत यंत्र ढिम्म राही. वाक्प्रचार त्यातूनच आला असे मानतात. वर्धा किंवा बडनेरा स्थानकावर ज्यांनी रंगीत दिव्यांच्या वजनकाट्यात नाणे टाकून छापील तिकिटाची वाट पाहिली आहे, त्यांना हा प्रकार वेगळा समजावून सांगावा लागत नाही: आत नाणे घरंगळल्याचा आवाज, मग क्षणभर काहीच नाही, मग खट्‌ करून पुठ्ठ्याचे तिकीट बाहेर, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. या वाक्प्रचाराचा सारा जीव त्या मधल्या ‘काहीच नाही’मध्ये आहे. नाणे आधीच टाकलेले होते, म्हणजे माहिती मिळालेली होती, समजायला उशीर लागला. म्हणून ‘द पेनी फायनली ड्रॉप्ड’ असे पुष्कळदा म्हणतात.

यातून दोन गोष्टी निघतात. कर्ता ‘पेनी’ आहे, तुम्ही नव्हे. ‘आय ड्रॉप्ड द पेनी’ म्हटले तर तुमच्या हातून नाणे सांडले. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. स्वतःविषयी हा वाक्प्रचार वापरला तर तो विनोदी आणि नम्र वाटतो, दुसऱ्याविषयी वापरला तर ‘उशिरा का होईना, डोक्यात शिरले एकदाचे’ असा सूर लागतो. ‘शेतकऱ्यांना समजावले आणि मग पेनी पडली’ असे कृषी सहायकाने म्हणणे म्हणजे शेतकरी मंद आहेत असे सुचवणे होय. मुलाखत घेणारे जाणते असतील तर त्यांना ते खटकेल. शिवाय हा मुख्यतः ब्रिटिश वाक्प्रचार आहे. अमेरिकी कंपनीशी बोलताना ‘इट क्लिक्ड’ अधिक सुरक्षित.

आता मैत्रीचा गट. येथे कर्ता दोन माणसे असतात, आणि मराठीतील ‘आमचे जमले’ याला अगदी सरळ उत्तर आहे: ‘वी हिट इट ऑफ’. त्यातील ‘इट’ म्हणजे काय, असा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतोच. ‘आमचे जमले’मध्ये काय जमले ते आपण कुठे सांगतो? तेवढेच ते ‘इट’. पण ते गाळून चालत नाही. ‘वी हिट ऑफ’ हे वाक्य होत नाही. भूतकाळातही ‘हिट’च राहते. एकच माणूस कर्ता ठेवायचा असेल तर ‘विथ’ घ्या: ‘आय हिट इट ऑफ विथ द फार्मर्स’. हा वाक्प्रचार ओळखीच्या सुरुवातीचा आहे, म्हणून दहा वर्षांच्या मित्राविषयी ‘आम्ही हिट इट ऑफ करत आहोत’ असे सांगता येत नाही. त्याचा नकारही तितकाच उपयोगी आहे: ‘वी डिडंट हिट इट ऑफ’ म्हणजे भांडण झाले नाही, पण सूर काही जुळले नाहीत.

‘वी क्लिक्ड’ हेही याच गटात येते, आणि थोडे अधिक अनौपचारिक आहे. म्हणजे ‘क्लिक’ दोन्ही गटांत आहे: माणसे कर्ता असतील तर मैत्री, गोष्ट कर्ता असेल तर समज. तुमच्या वाक्यात दोन्ही अर्थ एकमेकांवर आदळले ते त्यामुळेच.

‘लाइक अ हाउस ऑन फायर’ याचा आगीच्या नुकसानीशी संबंध नाही, आग ज्या वेगाने पसरते त्याच्याशी आहे. ‘गेट ऑन’ हे क्रियापद त्याच्या पुढे हवेच, नाहीतर तुम्ही शेतकऱ्यांनाच पेटलेले घर म्हणता. व्याकरण बरोबर असले तरी मी माझ्या विद्यार्थ्यांना तो टाळायला सांगते. आपल्याकडे उन्हाळ्यात गोठे आणि कुटाराचे ढीग खरोखर पेटतात. ज्याने ते पाहिले आहे त्याच्या तोंडी ही उपमा आनंदाने येत नाही आणि ऐकणाऱ्यालाही ते जाणवते.

‘ऑन द सेम वेव्हलेंग्थ’ मात्र मुलाखतीसाठी उत्तम आहे. तो रेडिओच्या काळातला आहे. आकाशवाणीचे नागपूर केंद्र मध्यम लहरींवर 585 किलोहर्ट्झला, म्हणजे 512.8 मीटरला लागते. काटा त्या आकड्यावर आणला तरच बातम्या, जरा इकडेतिकडे झाला की खरखर. दोन माणसे एकाच लहरीवर असणे म्हणजे एकमेकांचे म्हणणे फार न समजावता समजणे. ही घटना नाही, स्थिती आहे, त्यामुळे ती पहिल्या भेटीत असू शकते किंवा वर्षभराने येऊ शकते. क्रियापद साधे ‘वी वर’ किंवा ‘वी आर’ ठेवावे. सहकारी, वरिष्ठ, ग्राहक, कोणाविषयीही हे बोलता येते, आणि यात सलगी नाही. ‘सी आय टू आय’ याच्याशी मात्र ते मिसळू नका. त्याचा अर्थ मत जुळणे एवढाच आहे, मैत्री असो वा नसो.

‘कॉटन’विषयी मला जरा जास्त लिहावेसे वाटते, आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला ते आवडावे अशी अपेक्षा आहे. ‘कॉटन’ हे इंग्रजीत क्रियापदही आहे. सोळाव्या शतकात त्याचा एक अर्थ ‘नीट जमून येणे, यशस्वी होणे’ असा होता. कापड तयार करताना त्यावर तंतूंची लव चांगली उठली की काम साधले, त्यावरून तो आला असावा असे मानले जाते. त्यातून पुढे ‘एकमेकांशी जमणे’ हा अर्थ निघाला. एकोणिसाव्या शतकात ‘कॉटन टू समवन’ म्हणजे एखादा माणूस आवडू लागणे असे रूढ झाले, आणि विसाव्या शतकात ब्रिटिश बोलीत ‘कॉटन ऑन’ म्हणजे मुद्दा लक्षात येणे. एकाच कापसाने दोन्ही गट गाठले: ‘टू’ लावले की माणूस आवडला, ‘ऑन’ लावले की गोष्ट समजली. तुमच्या वहीत यांपैकी एकच आहे; दुसरा लिहून घ्या. येथे कर्ता नेहमीप्रमाणे माणूस असतो: ‘शी कॉटन्ड ऑन क्विकली’. आपल्याकडेही दोघांचे ‘सूत जुळते’, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल, पण मराठीतल्या सुताला प्रेमप्रकरणाचा किंवा संगनमताचा वास असतो, आणि ‘गूळपीठ’ तर सरळ संशयाचे. ‘कॉटन टू’मध्ये तसे काही नाही. दोन्ही रूपे बोलीतली आहेत, म्हणून मुलाखतीत नकोत. ऐकली, वाचली तर ओळखता यावीत एवढेच.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. ‘युरेका’ आर्किमिडीजच्या कथेतला आहे आणि थट्टेखेरीज फारसा वापरू नये. ‘द स्केल्स फेल फ्रॉम माय आइज’ बायबलमधील पॉलच्या दृष्टी परत येण्याच्या प्रसंगातून आला. एखाद्याविषयीचा भ्रम फिटला, डोळ्यांवरची झापड उडाली, अशा वेळी तो योग्य, नवीन गणित समजले म्हणून नव्हे. ‘इट रिंग्ज अ बेल’ म्हणजे समजले नव्हे, पूर्वी कुठेतरी ऐकल्यासारखे वाटले. ‘थिक अ‍ॅज थीव्ज’ घट्ट मैत्रीसाठी आहे, पण नोकरी मागताना चोरांची उपमा कशाला?

आता तुमचे उत्तर पुन्हा बांधून पाहू. तुम्ही सविस्तर लिहिलेला प्रसंग मुलाखतीत सांगितलात त्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे सापळे, लावा, असे तुम्ही गावात सांगत होता. ल्यूर म्हणजे सापळ्यातली ती वासाची गोळी काय असते, नर पतंग का येतात, सापळ्यात एका रात्रीत आठ पतंग याप्रमाणे सलग तीन रात्री सापडले तर उपाय सुरू करावा, हे सगळे तक्त्यावर मांडत होता, आणि कोणी फारसे लक्ष देत नव्हते. मग एका सकाळी तुम्ही चार-पाच जणांसोबत सापळ्याची पिशवी उलटी करून पतंग मोजले आणि दुसऱ्या दिवसापासून तेच लोक तुम्हाला मोजायला बोलावू लागले. हे इंग्रजीत असे सांगा: ‘द फार्मर्स अँड आय हिट इट ऑफ इन द फर्स्ट वीक, बट नोबडी वॉज इंटरेस्टेड इन माय चार्ट्स. वन मॉर्निंग वी एम्प्टिड द ट्रॅप अँड काउंटेड द मॉथ्स टुगेदर. इट स्ट्रक मी दॅट दे डिडंट नीड अ लेक्चर. दे नीडेड टू सी द ट्रॅप.’

या चार वाक्यांत वाक्प्रचार दोनच आहेत आणि बाकीचे इंग्रजी दहावीचे आहे. एक गोष्ट मुद्दाम पाहा: अचानक समजले ते तुम्हाला, शेतकऱ्यांना नव्हे. तुमच्या मूळ वाक्याचा ओघ ‘शेतकऱ्यांशी माझे छान जमले’ एवढ्याकडेच होता. मुलाखत घेणाऱ्याला मात्र तुम्हाला त्या गावात काय कळले ते ऐकायचे असते. ‘इट स्ट्रक मी’ हा वाक्प्रचार येथे बरोबर आहे तो व्याकरणाने, आणि त्याहून अधिक या कारणाने. ‘इट डॉन्ड ऑन मी’ही चालला असता, फक्त मग ‘वन मॉर्निंग’ऐवजी ‘ओव्हर द नेक्स्ट फ्यू वीक्स’ असा काही संथ काळ पुढे हवा होता.

तेव्हा किती पाठ करावेत? बोलण्यासाठी मी तुम्हाला ‘हिट इट ऑफ’, ‘ऑन द सेम वेव्हलेंग्थ’, ‘इट क्लिक्ड’, ‘इट स्ट्रक मी’ आणि ‘इट डॉन्ड ऑन मी’ एवढेच देईन. प्रत्येकासाठी वहीत मराठी अर्थाऐवजी तुमच्या स्वतःच्या शेतावरचे, घरातले किंवा रावेच्या गावातले एक पूर्ण इंग्रजी वाक्य लिहा, कर्त्यासह आणि ‘ऑन’, ‘टू’, ‘विथ’ यांच्यासह, आणि ते मोठ्याने म्हणा. वाक्य सुचत नसेल तर तो वाक्प्रचार अजून तुमचा झालेला नाही, असे समजून बाजूला ठेवा. एका उत्तरात एकच, फार तर दोन. वहीतले बाकीचे फाडून टाकू नका. ते वाचताना आणि ऐकताना लागतात, आणि लेखी परीक्षेत तर लागतातच. उच्चारांचे म्हणाल तर आपला वऱ्हाडी हेल जाऊ नये म्हणून किंवा जावा म्हणून वेगळे काही करू नका, फक्त ‘हिट’मधला ‘इ’ ऱ्हस्व ठेवा, कारण तो लांबवला की ‘हीट’ होते आणि मग पुन्हा आगीवरच येतो.